संगीत अंकासाठी छायाचित्रण : पौष संपायच्या आत उरकायचे आहे, सल्ला हवा

गिरणाकाठची
४ जानेवारी, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मी जळगावला पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. या सत्रात आमच्या चौघांच्या गटाला विद्यार्थी संगीत मासिकाचा आठ पानी अंक तयार करायचा आहे. मजकूर, मांडणी आणि छायाचित्रे सगळी आमचीच असली पाहिजेत, इंटरनेटवरून उचललेले एकही चित्र चालणार नाही, अशी अट आहे. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधल्या दोन पानांवरचा मुख्य लेख या तीन ठिकाणच्या छायाचित्रांना स्वतंत्र गुण आहेत. अंक ए-फोर आकाराचा असेल आणि त्याच्या १०० प्रती छापायच्या आहेत.

मुख्य लेख आमच्याच वर्गातल्या एका मुलावर आहे. तो क्लॅरिनेट वाजवतो. त्याच्या घरचा लग्नाचा बँड आहे; आजोबांनी तो उभा केला आणि आता वडील मास्तर आहेत. लगनसराईत हा मुलगा रात्री वरातीत वाजवतो आणि सकाळी पहिल्या तासाला मागच्या बाकावर झोपतो. सध्या पौष असल्यामुळे लग्ने नाहीत आणि बँड घरी आहे. १८ तारखेला अमावास्या होऊन माघ लागला की त्याचा एकही मोकळा दिवस आमच्या वाट्याला येणार नाही. म्हणजे हाताशी दोनच रविवार आहेत.

आमचा बेत असा आहे. ११ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास मेहरूण तलावावर जायचे. त्याला जीन्सचे जाकीट घालायचे, गळ्यात मोठा हेडफोन अडकवायचा आणि क्लॅरिनेट खांद्यावर टाकून पाण्याकडे पाहत उभे करायचे. मैत्रिणीच्या भावाचा डीएसएलआर मिळणार आहे. त्यासोबत १८-५५ ची आणि ५० एमएमची अशा दोन लेन्स आहेत. जागा, वेळ, कपडे आणि परवानगी यांबाबत काही चुकत असेल तर आत्ताच सांगावे.

तिसरी फ्रेम
४ जानेवारी, रात्री १०.४५

ताई, भुसावळात माझा स्टुडिओ होता आणि रोलच्या काळापासून मी लग्ने टिपली आहेत, त्यामुळे बँडवाल्यांची आणि माझी ओळख चुलीपासूनची आहे. पंगत उठल्यावर शेवटी जेवायला बसणारे आम्ही दोघेच असायचो.

तुम्ही जागा सांगितली, कपडे सांगितले, लेन्सही सांगितल्या, पण ज्या पानावर हे छायाचित्र बसायचे आहे त्या पानाबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही. छायाचित्रणाची सुरुवात कागदावर करा. मुखपृष्ठाचा चौकोन आखा, वरच्या चौथाई भागात अंकाचे नाव लिहा, डाव्या बाजूला ज्या तीन-चार ओळी यायच्या असतील त्यांची जागा ठरवा आणि मग उरलेल्या जागेत माणूस कुठे बसतो ते पाहा. हाच आराखडा पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर कॅमेऱ्याच्या पडद्याच्या मापाने उतरवून घ्या आणि प्रत्येक दहा-बारा छायाचित्रांनंतर तो तुकडा पडद्यावर ठेवून बघा. डोके नावाला धडकत असेल तर तिथल्या तिथे कळेल, घरी येऊन कळण्यात काही अर्थ नाही. स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढून काढून हात डोक्याच्या वर बोटभरच जागा सोडायला शिकलेला असतो, आणि मुखपृष्ठाला नेमकी तीच सवय नडते.

मुखपृष्ठासाठी कॅमेरा उभा धरा. मधल्या दोन पानांसाठी आडवा धरा आणि चेहरा मध्यावर येऊ देऊ नका, कारण तिथे घडी आणि पिन येणार.

वेळेबद्दल सांगतो. या दिवसांत आपल्याकडे सूर्य साधारण सात वाजून पाच मिनिटांनी उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. सव्वाआठपर्यंतचा आणि संध्याकाळी पाचनंतरचा उजेड चेहऱ्याला मानवतो. अकरा वाजता तलावावर वरून ऊन आणि खालून पाण्याची तिरीप अशी दुहेरी मारामार होईल. पोरगा डोळे किलकिले करील आणि भुवयांखाली काळे खड्डे दिसतील.

लगनसराई
५ जानेवारी, सकाळी ७.१०

आमच्या घरचाही बँड आहे, धरणगावकडे. हेडफोनचे वाचून हसू आले, राग नाही. वाजवणाऱ्याच्या गळ्यात वाजवण्याच्या वस्तू असतात, ऐकण्याच्या नाहीत. क्लॅरिनेट खांद्यावर टाकून चालणारा मनुष्य मी आजवर पाहिलेला नाही. त्याच्या चाव्या वाकल्या तर हवा गळते, सूर फाटतो आणि दुरुस्तीला माणूस शोधत हिंडावे लागते. ती बंदूक नव्हे.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. बँडचा गणवेश घालायचा की नाही हे तुम्ही ठरवू नका, त्याला एकट्याला विचारा. झालर-पट्ट्यांचा तो लाल कोट वरातीत शोभतो, पण वर्गातल्या मित्रांसमोर, छापील अंकात, कायमचा तो अंगावर असावा की नाही यावर आमच्यासारख्या मुलांचे मन दुभंगलेले असते. मी स्वतः महाविद्यालयात तीन वर्षे कोणाला सांगितले नव्हते की मी वाजवतो.

सातपुडा पायथा
५ जानेवारी, दुपारी २.३०

मी शहाद्याकडे शिक्षक आहे. अनुक्रमणिकेच्या पानावर काय घेणार आहात, याचाही विचार व्हावा. खानदेशातल्या संगीताचा अंक म्हटला की वही गायन, कानबाई देवीची आणि आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, आमच्या पट्ट्यातला होळीचा ढोल आणि फुंकून वाजवायची पावरी हे सगळे डोळ्यांपुढे येते, आणि मग उत्साहाच्या भरात जानेवारीत कोणाला तरी मोरपिसांचा टोप घालून उभे करण्याची कल्पना निघते. तेवढे करू नये. होळी फाल्गुनात असते आणि कानबाई श्रावणात बसते. अवेळी उभे केलेले दृश्य जाणत्या वाचकाला लगेच कळते. ज्या गोष्टी आत्ता समोर आहेत त्यांचीच छायाचित्रे घ्यावीत, बाकीच्यांसाठी शब्द पुरेसे आहेत.

रूळ आणि ताल
५ जानेवारी, सायंकाळी ६.१५

भुसावळ स्थानकाचा फलाट किंवा अजिंठ्याची पार्श्वभूमी घेतली तर अंक उठून दिसेल असे मला वाटते.

तिसरी फ्रेम
५ जानेवारी, सायंकाळी ७.०५

फलाटावर असे ठरवून छायाचित्रण करायला रेल्वेची आगाऊ परवानगी लागते. अजिंठा संरक्षित स्मारक आहे, तिथे तिपाईसाठीच वेगळी परवानगी मागावी लागते आणि लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. आठवड्यात दोन्ही होणे नाही. शिवाय क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचा अजिंठ्याशी संबंध काय, हे वाचकाला कोण समजावून सांगणार?

गिरणाकाठची
११ जानेवारी, रात्री ८.५०

प्रामाणिकपणे सांगते : आज आम्ही जाऊन आलो आणि दिवस वाया गेला. काकांचा आराखड्याचा सल्ला मी गटात वाचून दाखवला होता, पण "आधी काढू तर खरे, मांडणी नंतर बघू" असे बहुमताने ठरले. हेडफोन तेवढा वगळला, जाकीट राहिले. सकाळी लवकर निघायचे ठरूनही कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज नसल्यामुळे तलावावर पोहोचायला साडेदहा झाले. रविवार असल्यामुळे गर्दी होती. पहिल्या पाच मिनिटांत दोन लहान मुले आणि एक भेळवाला चौकटीत आला आणि पुढे लोक गोल करून उभे राहिले. एका गृहस्थांनी "वाजव की एखादे, नुसता काय धरून उभा आहेस" अशी फर्माईश केली. तो बिचारा इतका अवघडला की प्रत्येक छायाचित्रात त्याचे खांदे कानांना लागलेले दिसत आहेत.

एकूण २१२ छायाचित्रे काढली. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांत डोके वरच्या कडेला टेकलेले आहे, म्हणजे अंकाचे नाव त्याच्या कपाळावर छापावे लागेल. बरी वाटलेली नऊ मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवली, मी त्यांवर मांडणी करून पाहिली आणि कागदावर छापून काढली, तर कडा फुटल्यासारख्या दिसत आहेत. आता हाताशी एकच रविवार राहिला आहे.

खिळेजुळारी
११ जानेवारी, रात्री ९.३५

छपाईच्या धंद्यात माझी ३० वर्षे गेली आहेत, म्हणून शेवटच्या तक्रारीचे उत्तर आधी देतो. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ते आकसते. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १६०० मध्ये सव्वापाच इंच, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटरच भरतात, आणि तुमच्या पानाची उंची आहे २९.७ सेंटिमीटर. उरलेले कुठून आणणार? मूळ फाईल कार्डावरून थेट संगणकावर उतरवा, नाहीतर निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

माप लिहून ठेवा. ए-फोर म्हणजे २१० × २९७ मिमी. छायाचित्र कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंना ३ मिमी जास्त द्यावे लागते, म्हणजे २१६ × ३०३ मिमी. पिक्सेलमध्ये सुमारे २५५१ × ३५७९. ते जादा ३ मिमी कटिंगमध्ये जातात. कटिंगची सुरी केसभर इकडेतिकडे होते, त्यामुळे कापल्या जाणाऱ्या रेषेच्या आत आणखी ५ मिमीपर्यंत अक्षर, आकडा, डोळा, बोट असे महत्त्वाचे काही ठेवू नका. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणाचे तरी आडनाव कापले जाते.

चाळीसगावकर
१२ जानेवारी, सकाळी ९.००

ताई, खचून जाऊ नका. एक दिवस मिळाला तर आमच्या चाळीसगावला येऊन केकी मूस यांचे कलादालन पाहून जा. रेल्वे स्थानकापासून जवळच आहे. १९१२ ते १९८९ असे त्यांचे आयुष्य, आणि त्यातली कित्येक दशके त्यांनी चाळीसगावच्या आपल्या बंगल्यातून जवळजवळ बाहेर न पडता काढली. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी जी छायाचित्रे घेतली त्यांनी त्यांना जगभर नाव मिळवून दिले. पार्श्वभूमी शोधायला ते तलावावर गेले नव्हते एवढेच मला सांगायचे आहे. त्या दालनात व्यक्तिचित्रांसमोर उभे राहून प्रत्येक चेहऱ्यावर उजेड कोणत्या बाजूने आला असेल, याचा अंदाज करत फिरलात तर तासाभरात बरेच शिकून याल. सातपुडा पायथा सरांनी अनुक्रमणिकेच्या पानाचा जो प्रश्न काढला, त्याचे उत्तरही तिथेच सापडेल : एक टेबल, एक खिडकी आणि बँडच्या खोलीतल्या वस्तू.

तिसरी फ्रेम
१२ जानेवारी, सकाळी ११.२०

चाळीसगावकरांशी पूर्ण सहमत. पुढच्या वेळी मुलाला बाहेर काढू नका, तुम्ही त्याच्या घरी जा. बँडचे सामान ज्या खोलीत असते तिचे दार कोणत्या दिशेला आहे ते आधी एकटीने जाऊन बघून या. पूर्वेला असेल तर सकाळी आठच्या आधी ऊन थेट आत येईल, थोडे थांबून ते उंबऱ्याबाहेर सरकल्यावर काढा. उत्तरेला असेल तर दिवसभर निवांत उजेड मिळेल.

क्लॅरिनेटची एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो. ते वाद्य काळे आणि चाव्या चकचकीत. अंधाऱ्या भिंतीपुढे काळी नळी दिसेनाशी होते आणि नुसत्या चाव्या हवेत तरंगतात. चकचकीत धातू आरशासारखा असतो, समोर जे असेल ते तो दाखवतो. समोर अंधार असेल तर चाव्याही काळ्या पडतात. म्हणून दाराचा उजेड वाद्यावर एका बाजूने, थोडा मागून येईल असे त्याला बसवा, म्हणजे नळीच्या कडेवर उजेडाची एक बारीक रेघ उमटेल, आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या थर्मोकोलची मोठी शीट धरा. शीट चाव्यांत उतरते आणि चेहऱ्याची काळी बाजूही उजळते. फ्लॅश पिशवीतच ठेवा. खोलीतली ट्यूबलाइट किंवा एलईडी बंद करा. एकतर दोन उजेडांचे दोन रंग चेहऱ्यावर दिसतात, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर वेगवान ठेवले की चित्रात पट्टे येतात.

काळे जास्त असले की कॅमेऱ्याला वाटते उजेडच कमी आहे, आणि तो चित्र पांढरट करून ठेवतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा घेतो तो उजेड, दोन तृतीयांश स्टॉपने (स्टॉप हे उजेडाचे माप) खाली घ्या. ५० एमएमची लेन्स, एफ २.८, शटर १/१२५, बोटे हलत असतील तर १/२५०, आयएसओ ८०० पासून सुरू करून पाहा. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) आणि जेपीईजी दोन्ही ठेवा. आणि बॅटरी आदल्या रात्री!

लगनसराई
१४ जानेवारी, सकाळी ८.००

सर्वांना तिळगूळ. ताई, घरी जाणार असाल तर मास्तरांना आधी भेटा आणि मग मुलाला. आमच्याकडे वाद्यांच्या खोलीत पायताण घालून जात नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

गिरणाकाठची
१५ जानेवारी, रात्री १०.१०

आज मी आणि मैत्रीण दोघी जाऊन आलो. खोली घराच्या पुढच्या अंगाला आहे, दार उत्तरेला. एका भिंतीला बेस ड्रम आणि साईड ड्रम रचलेले आहेत, दुसऱ्या भिंतीला खिळ्यांवर लाल कोट टांगलेले आहेत आणि कोपऱ्यात दोन जुनी ट्रम्पेटे पोत्यात बांधून ठेवली आहेत. मास्तर म्हणाले की पितळेची वाद्ये आजोबांनी मेरठहून आणली होती. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्ये बनतात हे मला आजच कळले. लेखात एक परिच्छेद त्यावर घालता येईल.

कपड्यांचे मी त्याला एकट्याला विचारले. बराच वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला की कोट अंगात नको, पण मागे खिळ्यावर दिसला तर चालेल. आमच्यापैकी कोणालाही हे सुचले नसते.

संमतीचे दोन कागद मराठीत लिहून नेले होते. तो १९ वर्षांचा आहे, त्याने स्वतः सही केली. त्याची धाकटी बहीण १२ वर्षांची असल्यामुळे तिच्यासाठी आईची सही घेतली. छायाचित्रे या अंकात आणि महाविद्यालयाच्या प्रदर्शनात वापरली जातील, इतर कुठे वापरायची झाल्यास पुन्हा विचारले जाईल, एवढेच त्यात आहे.

काकांच्या सांगण्यानुसार पाने आखली आहेत. मुखपृष्ठासाठी बसलेला, उभा कॅमेरा, वर चौथाई जागा मोकळी. मधल्या पानांसाठी आडवे : तो डाव्या पानावर, उजव्या पानावर भिंत आणि ड्रम, म्हणजे भिंतीच्या मोकळ्या भागावर मजकूर बसेल. अनुक्रमणिकेसाठी टेबलावर चार वस्तू. यादी एवढीच आहे. २१२ छायाचित्रे पुन्हा चाळण्याची माझी तयारी नाही.

गिरणाकाठची
१८ जानेवारी, सायंकाळी ७.३०

झाले. सविस्तर लिहिते, कारण मंडळींनी वेळ दिला आहे.

सकाळी पावणेआठला पोहोचलो. चौघांची कामे आधीच वाटली होती : एकाकडे कॅमेरा, एकीकडे थर्मोकोल, एकाकडे प्लास्टिकचा आराखडा आणि यादी, आणि मी नुसती त्याच्याशी बोलत बसायचे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड निघाले. पहिली वीस मिनिटे पुन्हा तलावासारखीच गेली. तो क्लॅरिनेट तोंडाला लावून बसे, गाल फुगत, डोळे कॅमेऱ्याकडे वळत आणि सगळे छायाचित्र खोटे होऊन जाई. शेवटी तोच कंटाळून म्हणाला, "मी वाजाडस, तुम्ही काढा," आणि आमच्याकडे पाठ फिरवून रियाजाला बसला. मास्तर दारात उभे होते, ते म्हणाले की आधी रीड बदल, जुनी फुटली आहे.

मग त्याने क्लॅरिनेट उघडून मांडीवर ठेवले. डबीतून नवी रीड काढली, बोरूच्या जातीच्या काडीची ती बोटभर पातळ पट्टी. ती ओली केल्याशिवाय सूर नीट बोलत नाही, म्हणून त्याने ती ओठांत धरली आणि दोन्ही हातांनी नळीचे सांधे जोडायला घेतले. त्या मिनिटभरात तो आम्हाला पूर्ण विसरला होता. ओठांत रीड आडवी, मान थोडी झुकलेली, दाराचा उजेड डाव्या गालावर आणि अर्धवट जोडलेल्या नळीच्या कडेवर ती काकांनी सांगितलेली बारीक रेघ! कॅमेरा धरणाऱ्याने सात वेळा बटण दाबले. त्यांतले चौथे छायाचित्र मुखपृष्ठावर घ्यायचे असे आम्ही तिथेच ठरवले. आराखडा ठेवून पाहिला तर वर जागा होती, कारण तो खाली झुकलेला होता.

काकांनी सांगितलेले चाव्यांचे गणित डोळ्यांनी पाहिले. थर्मोकोल दोन फूट मागे नेले की चाव्या राखाडी पडत, जवळ आणले की पांढऱ्या होत, आणि एका विशिष्ट कोनात तर त्यांच्यात शीट धरणाऱ्या मैत्रिणीची ओढणीही दिसत होती. ती काढून ठेवायला लावली.

अनुक्रमणिकेसाठी टेबल दारापाशी ओढले आणि त्यावर जुनी फुटकी रीड, ट्रम्पेटचे मुख, सुपाऱ्या ठेवलेली लग्नपत्रिका आणि नोंदवही मांडली. नोंदवहीत तारीख, गाव आणि इसारा एवढेच लिहिलेले असते. इसाऱ्याचे आकडे आणि लोकांची नावे झाकली जातील असे उघडे पान दुमडून घेतले.

आता वादाचा मुद्दा. बेस ड्रमच्या तोंडावर बँडचे नाव आणि मोठ्या आकड्यांत मोबाईल क्रमांक रंगवलेला आहे. आम्ही ड्रम फिरवून ठेवू लागलो तर मास्तरांनी थांबवले. त्यांचे म्हणणे, "माझा ड्रम, माझा नंबर, मग तो लपवायचा कशाला?" आम्ही दोन्ही प्रकारे छायाचित्रे घेतली आहेत. काय करावे?

सातपुडा पायथा
१८ जानेवारी, रात्री ८.४०

माझ्या मते क्रमांक झाकावा. विद्यार्थ्यांचा अंक जाहिरातीचे साधन होऊ नये, आणि गुण देणाऱ्या प्राध्यापकांनाही ते खटकेल.

लगनसराई
१८ जानेवारी, रात्री ९.१५

सर, आदर राखून मतभेद नोंदवतो. तो क्रमांक खासगी म्हणता येत नाही, तो गावोगाव वरातीपुढे फिरतो. बँडच्या ड्रमवरून क्रमांक पुसला तर तो ड्रम दुकानातून कालच आणल्यासारखा दिसेल. तुम्ही स्वतःच लिहिले होते की समोर आहे तेच घ्यावे. मुखपृष्ठावर नको, पण आतल्या पानावर, ज्याचा आहे तोच सांगत असताना, झाकण्याचे कारण मला दिसत नाही.

सातपुडा पायथा
१८ जानेवारी, रात्री ९.५०

मान्य. माझेच वाक्य माझ्यावर उलटले. मात्र मास्तरांची तशी लेखी संमती वेगळ्या ओळीत घ्यावी.

गिरणाकाठची
२० जानेवारी, दुपारी ४.००

संमती घेतली. मांडणीचा पहिला मसुदा वरच्या दुव्यात जोडला आहे, मंडळींनी पाहावा. मधल्या पानांवर वाजवतानाचे छायाचित्र आहे. तो पानाबाहेर पाहतोय असे वाटत होते, म्हणून ते डावीकडून उजवीकडे उलटवून घेतले आहे.

लगनसराई
२० जानेवारी, दुपारी ४.२५

ताई, ते ताबडतोब सुलटे करा. क्लॅरिनेटवर डावा हात वर आणि उजवा खाली असतो. तुमच्या पानावर उजवा हात वर आला आहे आणि चाव्यांची रचनाही आरशातल्यासारखी फिरली आहे. आमच्या धंद्यातला कोणीही हे पान बघून पहिली चूक हीच दाखवील, आणि ती वाजवणाऱ्याच्या माथी जाईल.

तिसरी फ्रेम
२० जानेवारी, सायंकाळी ५.१०

बरोबर. शर्टाची गुंडीपट्टीही उलट्या बाजूला गेली आहे. पानाबाहेर नजर जात असेल तर छायाचित्र उलटवू नका, तोच क्रम सांभाळून त्याला उजव्या पानावर न्या आणि मजकूर डावीकडे घ्या. तसे आडवे छायाचित्र नसेल तर तुमच्याकडे भिंत जास्त आलेले एखादे असेलच, त्यातून कापून घ्या.

मुखपृष्ठाबद्दल दुसरा शब्द नाही. फक्त गालावरचा पुरळ पुसून टाकला आहे तो परत आणा. एकोणीस वर्षांचा आहे तो.

खिळेजुळारी
२१ जानेवारी, सकाळी १०.३०

पडद्यावर जो लाल कोट तुम्हाला भडक दिसतो तो कागदावर तितका भडक येणार नाही, कारण पडदा आरजीबीत, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडात, रंग दाखवतो आणि छपाई सीएमवायकेत, म्हणजे चार रंगांच्या शाईत, होते. सीएमवायकेत बदलून बघा आणि एकच प्रत आधी छापून घ्या. १०० प्रतींना डिजिटल छपाई पुरेशी आहे. सावल्या पडद्यावर दिसतात त्यापेक्षा कागदावर गडद येतात, म्हणून मुखपृष्ठावरची भिंत थोडी उजळा, नाहीतर खिळ्यावरचा कोट अंधारात जाईल आणि त्या मुलाने केलेला विचार वाया जाईल.

एक कायद्याची बाब. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला हक्क ज्याने ते काढले त्याचा असतो. पैसे देऊन काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल तर तो पैसे देणाऱ्याकडे जातो. इथे कोणी कोणाला पैसे दिलेले नाहीत, म्हणून कॅमेरा धरणाऱ्या मुलाचे नाव प्रत्येक छायाचित्राखाली द्या. कॅमेरा मैत्रिणीच्या भावाचा असला तरी त्याचा हक्क पोचत नाही. त्याचे नाव आभारात घ्या.

गिरणाकाठची
२४ जानेवारी, रात्री ९.००

नमुना प्रत हातात आली. पुरळ परत आणला, भिंत उजळली, हात जागेवर आले. मधल्या पानांवर तो आता उजवीकडे आणि ड्रम डाव्या पानाच्या बाहेरच्या कडेला आहे. प्रत घेऊन संध्याकाळी त्याच्या घरी गेले. तो वाजवायला पाचोऱ्याकडे गेला होता, मास्तरही निघण्याच्या गडबडीत होते. त्यांनी मुखपृष्ठ लांब धरून पाहिले, काही बोलले नाहीत. मग मधली पाने उघडली, ड्रमवर बोट ठेवून आकडे मोजले आणि म्हणाले, "पोरी, आठच आहेत."

पहिले दोन आकडे कटिंगमध्ये गेले आहेत. खिळेजुळारी काका, तुम्ही ११ तारखेलाच सांगितले होते. छायाचित्र १२ मिमी उजवीकडे सरकवून नवी फाईल आत्ता तुमच्या मेलवर पाठवली आहे. छापायला देण्याआधी एकदा नजर टाकाल का?

खिळेजुळारी
२४ जानेवारी, रात्री ९.४०

पाहिली. दहाही आकडे सुरीच्या आत आहेत, पहिल्या आकड्यापासून कडेपर्यंत ७ मिमी जागा आहे. द्या छापायला.